तीन दिवसांनी दाखवून जा

नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येण्याची सोलापूरला सवय आहे. पेशंट दिवसाआड आला की मात्र दवाखान्यात कपाळाला आठ्या पडतात. पूर्व भागातल्या कुठल्याही गल्लीत जा, कंपाउंडरला अशी चार-पाच नावं पाठ असतात.

"काय मावशी, आज काय?"

"सगळं अंग दुखूलालंय बघा. काल पाठ, आज खांदा. एक सुई मारा की."

मावशी पडद्याआड गेल्या की बाहेर हळूच निदान होतं: हिला काही झालेलं नाही, सवय लागलीय.

ब्रिटनमध्ये २००० ते २०१९ या काळातल्या दवाखान्यांच्या नोंदी चाळल्या, तेव्हा १० टक्के पेशंट डॉक्टरांच्या एकूण भेटींपैकी ४० टक्क्यांच्या आसपास भेटी घेतात असं निघालं. तिकडे माणसाचं नाव एका दवाखान्यात लागलेलं असतं, म्हणून मोजता येतं. आपल्या मावशी सकाळी सिव्हिलला, संध्याकाळी गल्लीत, आणि गुण नाही आला तर नणंदेच्या डॉक्टरकडे. तिघांनाही त्या आपल्याच पेशंट वाटतात. सगळा इतिहास साडीच्या दुकानाच्या पिशवीत: एक्स-रे, चिठ्ठ्या, अर्धवट संपलेली पाकिटं. ती पिशवी उघडून बघायला वेळ कुणाला आहे?

मावशींना दुखतंय कुठं, हे विचारून झालं. दिवसभर करता काय, हेही विचारायला हरकत नव्हती. मावशी विड्या वळतात. मांडीवर सूप, मान खाली, नाकातोंडात तंबाखूची धूळ, आणि हजार विड्यांचा हिशेब. त्यावर उपाय म्हणजे पांढरी गोळी सकाळ-संध्याकाळ आणि 'जरा आराम करा'. आराम केला तर मजुरी कोण देणार, हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. मावशी तिसऱ्या दिवशी परत येतात याचं कसलं नवल? दुसऱ्याच दिवशी येत नाहीत, हे नवल.

सरकारला हे कळलेलं नव्हतं असं नाही. १९७६ साली कायदा करून विडीवर उपकर बसवला, त्यातून विडी कामगारांचे दवाखाने चालावेत म्हणून. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि उपकर गेला. पाठदुखी काही करात विलीन झाली नाही.

आता जरा डॉक्टरांकडे वळू. गोळ्यांची पुडी बांधायची दोन दिवसांची, सांगायचं 'तीन दिवसांनी दाखवून जा', आणि बाई तिसऱ्या दिवशी आली की म्हणायचं, सारखी येते! सुईचे पैसे पेशंट मुकाट्याने देतो. पाच मिनिटं ऐकून घेतल्याचे पैसे मागितले तर भांडण होईल. मग ऐकणं फुकट जातं, सुईचं बिल लागतं, आणि दंडाला बी-१२ टोचून दोघंही समाधानाने उठतात.

मायकेल बालिंट नावाचा हंगेरीहून इंग्लंडला गेलेला डॉक्टर १९५७ च्या त्याच्या पुस्तकात हेच सांगून गेला: साध्या दवाखान्यात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे खुद्द डॉक्टर. त्याची मात्रा किती द्यायची, हे कुठल्याच पुस्तकात नाही, हीच त्याची तक्रार होती. मावशींचा मुलगा पुण्यात नोकरीला, व्हॉट्सअॅपवर त्याचं रोज फुलांसकट गुड मॉर्निंग. 'जेवण जातंय का?' हे समोर बसून विचारणारा माणूस गल्लीत एकच, आणि तोही नंबर लावून भेटणारा. मावशी मात्रा वाढवून घेणारच.

खरी काळजी करायची तर न फिरकणाऱ्या अप्पांची करा. शुगर निघाली, गोळ्या लिहून दिल्या, दर महिन्याला या म्हणून सांगितलं. अप्पा गायब. कंपाउंडर खूश, कारण त्रास न देणारा पेशंट. दोन वर्षांनी अप्पा आले, ते रिक्षातून, पायाच्या काळ्या पडलेल्या अंगठ्यावर फडकं गुंडाळून.

"अहो अप्पा, इतके दिवस होता कुठं?"

"बरं वाटूलालं होतं की. उगंच कशाला तुमचा टाइम घ्यायचा म्हटलं."