गोळी घेतली का?

गेल्या महिन्यात लोहाऱ्याच्या बसस्टँडबाहेर एका दुचाकीवाल्यानं भाजीवाल्या मावशीच्या पाटीला धडक दिली. टमाटे रस्ताभर झाले. चूक त्याची, आणि शिव्या मात्र मावशीला. लोक गोळा झाले तसा त्याचा आवाज खाली आला. "मनावर घेऊ नका मावशी, मला बायपोलर हाय," असं म्हणून त्यानं किक मारली आणि तो गेला. टमाट्याचे पैसे दिलेच नाहीत. मावशीनं मला विचारलं, "काय म्हणाला हो त्यो? कसला पोलर?"

मला तो शब्द चांगला माहीत आहे. माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, हा आजार आहे. आमच्या घरात त्याला वीस वर्षं होऊन गेली. त्या दुचाकीवाल्याला तो असेल किंवा नसेल, मी काही डॉक्टर नाही. माझी तक्रार टमाट्याची आहे. आजार असला तरी टमाट्याचे पैसे द्यावे लागतात, आणि हे अण्णाइतकं कुणालाच कळलेलं नाही.

हा शब्द हल्ली जिथं तिथं कानावर पडतो. सकाळी ऊन आणि दुपारी पाऊस आला की वातावरण बायपोलर. पुढाऱ्यानं पक्ष बदलला की पुढारी बायपोलर. आमच्या एका पाहुण्यानं हातउसने पैसे दोन वर्षं परत केले नाहीत. मागितले की एकदा गळ्यात पडतो, एकदा अंगावर येतो, आणि वर सांगतो, "माझा स्वभावच बायपोलर आहे." एका लग्नात जेवणाच्या पंगतीत सुनेला चारचौघांत बोलणाऱ्या सासूबद्दल तिचाच मुलगा म्हणाला, "आईचं जरा बायपोलर आहे, तुम्ही लक्ष देऊ नका." तिथं बसलेल्या अण्णानं हातातला घास खाली ठेवला. त्या दिवशी तो पुढं जेवला नाही.

सकाळी हसणं आणि दुपारी चिडणं म्हणजे हा आजार नव्हे. चढ आला की तो निदान आठवडाभर टिकतो, पुष्कळदा त्याहूनही जास्त. दोन तास झोपूनही माणूस ताजातवाना असतो. बोलणं थांबत नाही, पैसा पाण्यासारखा जातो, आपल्याला सगळं जमतं असं वाटतं. नंतर उतार येतो तो आठवड्यांचा, कधी महिन्यांचा. तेव्हा अंघोळीला उठणंही होत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात हजार प्रौढांमागं साधारण पाच जणांना आयुष्यात कधी ना कधी हा आजार झाल्याचं दिसलं, आणि अशा शंभरातल्या सत्तरेक जणांना उपचारच मिळत नव्हते. शब्द गावभर झाला आणि औषध मात्र शंभरातल्या तिसांनाच, याचा मला राग येतो.

खरं तर आमच्या भागाला मनाच्या दुखण्याबद्दल कुणी शिकवायची गरज पडू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमच्या तालुक्यातलं सास्तूर आणि पलीकडचं किल्लारी जमीनदोस्त झालं. त्या भूकंपातून वाचलेल्यांच्या मनावर काय परिणाम झाला, याचा डॉ. मोहन आगाशे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या एका संस्थेनं पाच वर्षं अभ्यास केला. नाटका-सिनेमामुळं आगाशे सगळ्यांना ठाऊक आहेत, पण ते मानसोपचारतज्ज्ञ आहेत हे आमच्याकडं किती जणांना सांगावं लागतं! ज्या मुलखात घराघरात माणसं वर्षानुवर्षं रात्री दचकून उठली, त्या मुलखानं तरी आजाराचं नाव जपून वापरावं.

अण्णाचा सगळ्यात मोठा चढ एका उन्हाळ्यात आला. आठ-नऊ रात्री तो झोपला नाही. आठवडी बाजारातून त्यानं एकतीस उस्मानाबादी शेळ्या उधारीवर आणल्या. काळ्याभोर, लांब लोंबत्या कानांच्या, एकापेक्षा एक देखण्या. चारा नाही, गोठा नाही, एप्रिलचं ऊन. वाड्यात दोरीला दोरी बांधून शेळ्या उभ्या, आणि अण्णा वहिनीला मुंबईच्या बाजाराचा हिशेब सांगतोय. मध्येच देवळासमोर त्यानं एका म्हाताऱ्या गुरुजींना नको ते ऐकवलं. त्याच गुरुजींनी त्याला बाराखडी शिकवली होती. सोलापूरला नेऊन औषध सुरू करेपर्यंत चार शेळ्या मेल्या. उरलेल्या निम्म्या भावात गेल्या.

मग उतार आला. तीन महिने अण्णा भिंतीकडं तोंड करून पडून होता.

पुढं जे झालं ते मला त्या दुचाकीवाल्याला सांगायचं होतं. बरं वाटायला लागल्यावर अण्णानं पोराची शाळेची जुनी वही घेतली, तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर सात नावं लिहिली आणि त्यातल्या सहांपुढं रक्कम. गुरुजींचं नाव सगळ्यात वर होतं आणि त्यापुढं रक्कम नव्हती, नुसती रेघ होती. पहिल्यांदा तो त्यांच्याकडंच गेला, मी सोबत होतो. गुरुजी म्हणाले, "अरे, तू आजारी होतास." अण्णा म्हणाला, "होतो गुरुजी. पण तोंड माझंच होतं." बाकी सहा जणांचे पैसे फेडायला त्याला तीन वर्षं लागली. दर हंगामाला सोयाबीन गेलं की वही निघायची.

त्या आठ-नऊ रात्रींचा सगळा दोष मी अण्णाच्या माथी मारत नाही. कायदाही मारत नाही. पण तिथंही पारख बारीक आहे. भारतीय न्याय संहितेच्या २२ व्या कलमानुसार, कृत्य करताना आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हेच मनाच्या आजारामुळं कळत नसेल, तरच सुटका. नुसतं आजाराचं नाव सांगून भागत नाही. जमलेले लोक पाहून ज्याचा सूर बदलतो, त्याला आपण काय केलं ते पुरतं कळलेलं असतं.

अशा लोकांमुळं खऱ्या आजारी माणसाचं दुहेरी नुकसान होतं. एक तर त्याच्या आजारावर कुणाचा विश्वास राहत नाही. दुसरं, त्याच्या रागाला किंमत राहत नाही. मागल्या खरिपाला अण्णानं एका दुकानात खताची पक्की पावती मागितली. दुकानदार टाळाटाळ करायला लागला तसा अण्णाचा आवाज चढला. लगेच प्रश्न आला, "गोळी घेतली का आज?" बाकीचे हसले. पावती मागणारा दुसरा कुणी असता तर त्याला पावती मिळाली असती. घरातही तेच. वाटणीचा विषय निघाला तेव्हा एका नातेवाइकानं सांगितलं, "त्याच्या सहीला काय अर्थ आहे?" २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं तिसरं कलम स्पष्ट सांगतं की नुसत्या आजाराच्या निदानावरून माणूस वेडा ठरत नाही, ते ठरवायला सक्षम न्यायालय लागतं. हे कलम मी छापून घेतलंय आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलंय.

गोळी तर तो घेतोच, रोज रात्री न चुकता. लिथियम हे त्या गोळीचं नाव. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरनं या आजारावर त्याचा उपयोग होतो हे दाखवलं. ती गोळी सांभाळणं हे मोठं काम आहे. रक्तातलं तिचं प्रमाण साधारण ०.६ ते १ च्या आसपास राहावं लागतं, म्हणून ठरावीक मुदतीनं रक्त तपासायचं, तेही रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी. त्यासाठी त्या सकाळी एसटीच्या वेळापत्रकाला धरून चालावं लागतं. राज्याची चार जुनी मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत, आमच्या मराठवाड्यात त्यातलं एकही नाही. आमचं सगळं सोलापूरच्या भरवशावर.

त्यात आमचा उन्हाळा. घाम जाऊन अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तात लिथियम वाढतं. मग उलट्या, जुलाब, तोल जाणं, आणि वेळेत लक्ष दिलं नाही तर जिवावर बेततं. म्हणून मार्चपासून वहिनी त्याच्यासोबत रानात पाण्याची कळशी पाठवते, आणि मनानं मीठ सोडायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद आहे. गोळी नीट चालू असतानाही बोटं थोडी थरथरतात. अण्णा बशीत चहा ओततो तेव्हा बशीच्या कडेवर चहा थरथरत येतो आणि दोन थेंब धोतरावर पडतात. टपरीवर कुणी तरी विचारतंच, "रात्रीची उतरली नाही का अण्णा?" अण्णानं जन्मात दारूला हात लावलेला नाही.

कुणाच्या घरी खरंच असं काही वाटत असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. आणि ज्यांना आजार नाही, नुसता राग आवरत नाही, त्यांनी सरळ "चुकलं" म्हणावं आणि मावशीचे टमाट्याचे पैसे द्यावेत. ती अजून तिथंच बसते, बसस्टँडच्या बाहेर डाव्या हाताला. टपरीवर अण्णाचा हात थरथरताना दिसला, तर काही विचारू नका. त्याला तांब्याभर पाणी द्या.