मुळांचं विरजण

निवृत्त माणसाला दोन वाटा असतात, भजनी मंडळ किंवा वृक्षारोपण. माझा गळा ऐकून घरच्यांनीच दुसरी सुचवली. मे महिन्यात करंजाच्या शेंगा वेचल्या, दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुतल्या आणि शेजारच्या बांधकामाच्या खड्ड्यातली फुकटची माती त्यांत भरली. फुकट म्हटल्यावर मी मातीचीही चौकशी करत नाही.

रोपं उगवली, चार पानांवर आली आणि तिथेच थबकली. वर पिवळटही पडली. मी मायेपोटी चमचा चमचा युरिया दिला. दोन रोपं त्या मायेनेच गेली. उरलेली जरा हिरवी झाली आणि पुन्हा फिकटली.

आमच्या भागातल्या रोपवाटिकेतले मामा एक रोप उपटून म्हणाले, "साहेब, मुळाला एक गाठ नाही बघा. याला खत नको, सोबत पाहिजे. रायझोबियम जिवाणूंचं पाकीट आणा, गुळाच्या पाण्यात कालवून घाला."

पाव किलोचं पाकीट मिळालं. ते दहा किलो बियाण्याचं. माझा सगळा संसार तीस पिशव्यांचा. गूळ उकळला आणि पातेलं गॅसवरून उतरवताच पाकीट त्यात रिकामं केलं. बायको दारात उभी होती. "उकळत्या दुधात विरजण लावतं का कुणी?" कोट्यवधी जिवाणू मी गोड पाकात बुडवून मारले होते.

तेव्हा मात्र वाचायला बसलो. हवेत नत्र ७८ टक्के, पण झाडाला त्याचा उपयोग शून्य. समुद्रकाठी राहून तहानलेलं, तसं. तो नत्र झाडाच्या पचनी पडेल असा करून देतात शेंगवर्गातल्या झाडांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू. १८८८ साली हॉलंडच्या बायरिंक यांनी ते गाठींतून वेगळे काढून दाखवले. मूळ मातीत काही द्रव्यं सोडतं, जिवाणू आपल्या द्रव्याने होकार कळवतात, मग मुळावरचा केस बोटासारखा वाकतो आणि त्यांना आत घेतो. भाडं म्हणून झाड साखर देतं. यातही पत्रिका जुळावी लागते: हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनला चालत नाही, म्हणून पाकिटंही वेगळी. चिंच आणि बहावा तर अंगभर शेंगा मिरवूनही आजन्म ब्रह्मचारी, त्यांच्या मुळांवर गाठच नाही! उलट किनाऱ्यावरचा सुरू शेंगवर्गातला नसूनही फ्रँकिया नावाच्या जिवाणूशी संसार थाटतो आणि नुसत्या वाळूत उंच होतो.

माझ्या युरियाचा अपराधही तिथेच कळला. आयता नत्र मिळाला की मूळ जिवाणूंना बोलावतच नाही. रोज घरपोच डबा येत असेल तर स्वयंपाकाला बाई कोण ठेवील? आणि खड्ड्याच्या तळातल्या त्या मातीत बोलावून येणारं तरी कोण होतं?

मामांना पाकाची हकिगत सांगितली नाही. ते आपणहूनच म्हणाले, "पाकीट राहू द्या, जुन्या करंजाखालची माती आणा." सुरूच्या रोपांनाही जुन्या सुरूखालची माती घालतात म्हणे. विरजणच की, शेजारणीकडून वाटीभर आणावं तसं! शाळेमागच्या थोराड करंजाखालून पिशवीभर माती आणली आणि प्रत्येक रोपाला मूठभर घातली. युरियाचा डबा बायकोने माळ्यावर टाकला.

गणपतीनंतर धीर सुटला आणि एक रोप उपटलं. मुळांवर मोहरीएवढ्या, काही ज्वारीएवढ्या गाठी. एक नखाने चिरली तर आत लालसर गुलाबी. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलंच एक द्रव्य तिथे असतं. तो रंग दिसला की काम चालू आहे असं समजायचं. मी भिंग आणायला वळलो तर मागून आवाज, "उपटलंत ना शेवटी? लावा परत."

परत लावलं. जगलं नाही. उरलेली रोपं मात्र ठणठणीत आहेत, वीतभर उंच आणि गर्द हिरवी. कुणाला हवी असतील तर जरूर या. फक्त लावताना मुळांची माती झटकू नका.