३६० पैकी किती?

आमच्या आत्याचा धाकट्या काकूशी अबोला आहे. यंदा त्याला अकरा वर्षं झाली. कारण म्हणाल तर चुलतभावाच्या लग्नात आत्याला मिळालेली मानाची साडी. साडी रेशमी होती, रंगही बरा होता, पण पदराच्या आतल्या बाजूला पिन टोचल्याची दोन भोकं होती. म्हणजे घडी मोडलेली. कुणीतरी एकदा नेसून, इस्त्री फिरवून, पुन्हा खोक्यात घातलेली. आत्याने ती भोकं मांडवातच पाहिली, जेवण मात्र पूर्ण केलं (जिलबीचा त्यात काय दोष), आणि हात धुतल्यापासून आजतागायत ती काकूशी एक शब्द बोललेली नाही.

हे घरचं लचांड चव्हाट्यावर आणायचं कारण असं, की अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ गेली तीसेक वर्षं क्षमा मोजताहेत. क्षमा करावी, हे साधुसंतांपासून आजीपर्यंत सगळ्यांनी सांगून झालं होतं. झाली ती किती झाली, हे मात्र कुणी विचारत नव्हतं. विद्यापीठांनी ते काम अंगावर घेतलं. १९९८ मध्ये टेम्पलटन फाउंडेशनने या संशोधनासाठी निधीची मोहीमच काढली, आणि निधी आला म्हटल्यावर मोजपट्ट्यांना काय तोटा?

त्यातली ऐसपैस पट्टी विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या रॉबर्ट एनराइट यांची. ६० विधानं. २० भावनांबद्दल, २० वागण्याबद्दल, २० मनातल्या विचारांबद्दल. प्रत्येकापुढे सहा घरं, 'अजिबात नाही'पासून 'अगदी बरोबर'पर्यंत. कमीत कमी ६० गुण, जास्तीत जास्त ३६०. म्हणजे ज्याच्या पोटात नुसतं विष आहे त्यालाही ६० मिळतातच. आपल्याकडच्या तोंडी परीक्षेसारखं. गंमत अशी, की 'क्षमा' हा शब्द शेवटापर्यंत कागदावर येऊच देत नाहीत. तो दिसला की माणूस लगेच भला माणूस होतो आणि भल्या माणसासारखी उत्तरं देऊ लागतो.

दुसरी पट्टी मायकेल मॅककलो आणि मंडळींची, आटोपशीर. १८ विधानं. सात टाळण्याबद्दल, पाच उट्टं काढण्याबद्दल, सहा सदिच्छेबद्दल. पहिली दोन उतरली आणि तिसरी चढली की क्षमा झाली. 'तुम्ही माफ केलंत का' असं विचारायचंच नाही. अढीतून किती वजा झालं ते बघायचं. मला हे पटतं. आपल्याकडेही कुणी 'मी त्याला कधीच माफ केलंय' असं म्हटलं की ऐकणारा हळूच खुर्ची मागे घेतो.

या पट्ट्यांच्या भरवशाचा एक आकडा असतो, त्याला अल्फा म्हणतात. सगळ्या विधानांना एका सुरात उत्तरं आली की अल्फा वर जातो. तो वर न्यायची एक सोपी युक्ती आहे: एकच प्रश्न शब्द बदलून दहा वेळा विचारायचा. 'त्याला टाळता का?', 'त्याच्यापासून लांब राहता का?', 'तो आला की उठून जाता का?' आमच्याकडे मुलगी बघायला आलेल्या मंडळींत एक मावशी हेच करायची. तिचा अल्फा एकाला टेकला असता.

तर एनराइट यांच्या धर्तीवर मी एक घरगुती कागद तयार केला आणि आत्याला परीक्षेला बसवलं. तिने चष्मा पुसला, पेन्सिल मागितली (पेनने म्हणे बांधून घेतल्यासारखं होतं), आणि चौथ्या विधानाला डोकं वर केलं. "हे काय विचारतोयस ते कळतंय मला." मग म्हणाली, "सहाच घरं? अकरा वर्षांना सहा घरं पुरतात होय?" आत्याला आकडे येत नाहीत असं मी समजत होतो. मोजपट्टी तोकडी पडते ही तक्रार तिने पाच मिनिटांत शोधली. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला तिथवर यायला एक सत्र लागतं.

तिची बेरीज सांगत नाही. साठाच्या जरा वर.

आता खरी मजा. मॅककलो आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक निबंध छापला. नुकतंच कुणीतरी दुखावलेल्या माणसांना गाठायचं, पुन्हा पुन्हा तोच कागद भरून घ्यायचा, आणि राग उतरण्याची रेघ काढायची. रेघ सरळ की वाकडी? वाकडी तर कोणत्या सूत्राने? त्यांनी सहा सूत्रं शर्यतीत उतरवली आणि जिंकलं लॉगॅरिदम. शाळेत ज्याच्या कोष्टकाचं पुस्तक आपण परीक्षेनंतर रद्दीवाल्याला घातलं, तेच. त्याचा अर्थ असा, की एका आठवड्याचे दोन होताना जितका राग उतरतो, तितकाच पुन्हा उतरायला आणखी दोन आठवडे लागतात. मग तेवढ्याचसाठी चार. मग आठ. सुरुवातीला भराभर, नंतर एसटी घाट चढावी तसं.

म्हणून 'वेळ हेच औषध' ही म्हण खरी आहे, फक्त डोस दर वेळी दुप्पट करावा लागतो. आत्याचा हिशेब मांडून बघा. अकरा वर्षं झाली. पुढचा तेवढाच टप्पा उतरायला आणखी अकरा. आत्या ७४ वर्षांची आहे. (तो अभ्यास आठवड्या-महिन्यांचा होता, मी तो ओढूनताणून अकरा वर्षांवर नेतोय. पण असं सगळेच करतात, मी निदान कंसात कबूल करतोय.)

त्याच निबंधात आणखी एक गोष्ट निघाली. दुखावणाऱ्याशी असलेलं नातं अजून काही मोलाचं आहे असं ज्यांना वाटत होतं, त्यांची अढी जास्त सुटली. आत्याने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग बरोबरच आहे. तिच्यावाचून माझं काय अडलंय?" अख्ख्या निबंधाचा सारांश, तोही सुपारी कातरता कातरता.

क्षमा शिकवायचे वर्गही निघाले. त्यांतल्या एका पद्धतीचे कर्ते एव्हरेट वर्दिंग्टन. ते क्षमेवर संशोधन करत असतानाच, १९९६ च्या नववर्षाच्या सुमारास, टेनेसीतल्या त्यांच्या आईच्या घरात चोर शिरला आणि आईचा खून झाला. त्यानंतर या माणसाने आपलीच पद्धत आपल्यावर चालवून पाहिली. यावर तिरकं काही लिहायची माझी प्राज्ञा नाही, म्हणून पुढे जातो.

वर्गांचा उपयोग होतो का, हे ठरवणं आकडेशास्त्राचं नाजूक काम. माणूस वर्गाला कधी नाव घालतो? राग डोक्यात गेलेला असताना. ताप १०३ वर गेला की आपण डॉक्टरकडे धावतो; तो तसाही उतरणारच असतो, श्रेय गोळीला जातं. म्हणून निम्म्यांना वर्ग द्यायचा आणि निम्म्यांना प्रतीक्षायादीत ठेवायचं. नुसतं थांबलेल्यांचाही राग थोडा उतरतोच. त्याच्या वर जे उतरलं ते वर्गाचं. अशा ५४ अभ्यासांची २०१४ मध्ये एकत्र मोट बांधली, २३२३ माणसं, तेव्हा काहीच न मिळालेल्यांपेक्षा वर्गवाले ०.५६ ने पुढे निघाले. हे एकक प्रमाण विचलनाचं. या शास्त्रात एवढं म्हणजे बऱ्यापैकी. पण जरा थांबा: मोजलेलं काय? तर माणसाने स्वतःबद्दल कागदावर काय लिहिलं ते. क्षमेचे पाठ घेऊन वर्गातून बाहेर पडलेल्याला लगेच 'तुमची अढी गेली का' असं विचारणं म्हणजे पंगतीतून उठणाऱ्याला यजमानाने 'जेवण कसं झालं' विचारण्यासारखं आहे.

आणि एक फजिती. २००२ मध्ये एली फिंकेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, की जोडीदाराशी आपण किती बांधलेले आहोत याचे प्रश्न आधी सोडवून घेतले, तर त्याच्या काल्पनिक आगळिकी माणूस लवकर पोटात घालतो. २०१६ मध्ये सोळा प्रयोगशाळांनी तोच प्रयोग, आधी आराखडा जाहीर करून, जसाच्या तसा केला. परिणाम जवळजवळ शून्य. मुळात ते प्रश्न सोडवून बांधिलकीच वाढली नाही, तर क्षमा कुठून वाढणार! आमच्याकडे मुहूर्तापूर्वी सासर-माहेरच्यांना असंच एकमेकांची कौतुकं करायला लावतात, आणि पदरातली भोकं तरीही दिसतात.

या सगळ्या ढिगात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते जेम्स मॅकनल्टी यांचं काम, कारण ते सुविचाराच्या कॅलेंडरवर छापता येत नाही. त्यांनी नवविवाहित जोडप्यांना रोजनिशी भरायला लावली. जोडीदाराने आगळीक केली, तुम्ही माफ केलं की नाही. दुसऱ्या दिवशी काय झालं? २०१० मध्ये निघालं ते असं: ज्या दिवशी माफ केलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा आगळीक होण्याची शक्यता जास्त; माफ केलं नाही, तर कमी. पुढच्या वर्षी त्यांनी लग्नाच्या पहिल्या चार वर्षांचा हिशेब छापला. जे जोडीदार सहज माफ करत होते, त्यांच्या वाट्याचं टाकून बोलणं आणि अंगावर हात टाकणं चार वर्षं तसंच राहिलं. जे सहज माफ करत नव्हते, त्यांच्या वाट्याचं ते कमी होत गेलं. आता यावरून लगेच कार्यकारण जोडू नये, हे पहिल्या धड्यातच शिकवतात. पण पोरीला 'मोठेपणा घे, सोडून दे' असं सांगून सासरी परत पाठवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हा आलेख देवघरात लावायला हरकत नाही.

आणि इथेच मला या पट्ट्यांची खोड दिसते. एनराइट यांची ६० विधानं कोण भरतो? ज्याला लागलं तो. मॅककलो यांची १८? तोच. वर्गाला कोण बसतो, रोजनिशीत माफीची खूण कोण करतो? तोच. ज्याने मारलं तो बाहेर गाडीत एसी लावून बसलेला. ३६० पैकी कमी पडले तर नापास दुखावलेला. माझ्या तोंडून हे वाक्य निसटलं आणि आत्याने पेन्सिल खाली ठेवली. "मग तिचा कागद कुठाय?"

म्हणून मी काकूकडे गेलो. चहा झाला, चिवडा झाला. विषय काढला.

जाताना मी एक गोष्ट विसरलो होतो. रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये एकाच माणसाकडून दोन गोष्टी लिहून घेतल्या होत्या: एक, तुम्हाला कुणी डिवचलं ती, दुसरी, तुम्ही कुणाला डिवचलं ती. दुखावलेला लिहितो तेव्हा जखम अजून वाहत असते. तोच माणूस दुखावणारा म्हणून लिहितो तेव्हा त्याला कारण होतं, आणि प्रकरण कधीच मिटलेलं असतं.

काकूच्या बाबतीत ती दुसरी गोष्ट लिहायचाच प्रश्न आला नाही. "मी काय केलंय?" ती म्हणाली. "साडी दुकानदाराने फसवून दिली. अकरा वर्षं हळदीकुंकवाला माझ्या दारावरून तोंड फिरवून जाते ती. भरायचाच तर सोसलेल्याचा कागद मी भरीन. दे इकडे."

माझ्याकडे एकच प्रत होती. आत्याच्या पेन्सिलीच्या खुणा मी गाडीतच खोडल्या होत्या, जमेल तितक्या. काकूने कागद घेतला, खिडकीशी नेला, उजेडासमोर तिरका धरला.

"हा कुणीतरी आधी वापरलेला दिसतोय," ती म्हणाली. "कोरा नव्हता का रे मला द्यायला?"