झाकण

सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी ज्याच्या घरचा दूरध्वनी खणखणतो आणि क्षेमकुशलाची कसलीही प्रस्तावना न होता पलीकडून "काय हो, झाकण उघडलंत का?" असा सवाल येतो, त्या गृहस्थाला नानांचा परिचय करून देण्याचे प्रयोजन नाही, आणि पुण्याच्या पेठांत असा गृहस्थ मी एकटाच आहे, असा माझा भ्रमही नाही.

महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या नानांनी, उभा जन्म शेतसाऱ्याच्या थकबाकीसाठी तगादे लावण्यात गेल्यामुळे कोणाच्या तरी मागे लागल्यावाचून अन्न गोड लागेना म्हणून, पर्यावरणाचे वकीलपत्र घेतले. त्यांनी दिलेल्या रिठ्यांनी माझ्या सदऱ्यांचे काय झाले, तो विषय मी सोडून देतो. पण बाटली सोडता येत नाही. एक भाग गूळ, तीन भाग संत्र्या-मोसंब्यांच्या साली आणि दहा भाग पाणी एकत्र करून तीन महिने मुरवले म्हणजे फरशी पुसण्याचे जे आंबूस द्रावण तयार होते, त्याची एक बाटली त्यांनी माझ्या ओट्याखाली अनामत ठेवली. साखर आंबताना वायू सुटतो, सबब पहिला महिनाभर रोज झाकण उघडून त्याला वाट द्यायची, असा लेखी हुकूमही सोबत होता. काच फुटण्याचे भय असल्यामुळे बाटली प्लास्टिकची लागते. राज्यात प्लास्टिकबंदीचा अंमल सुरू झाला त्या २३ जून २०१८ रोजी स्वतःच्या घरातल्या पिशव्यांचा रीतसर पंचनामा करणारे नाना शीतपेयांच्या रिकाम्या बाटल्या मागत दारोदार हिंडताना पाहून मी खोचकपणे विचारले, तर म्हणाले, "प्रायश्चित्त करवून घेतोय त्यांच्याकडून."

तेव्हापासून मला झाकणमुक्त असे स्थळ उरले नाही. पुतणीच्या लग्नात अक्षता टाकण्यासाठी हात उचलला असता कानाशी "झाकण?" असा अस्फुट उच्चार झाला. चार दिवस नागपूरला जाण्याचे ठरले, तेव्हा घराची किल्ली शेजाऱ्यांकडे सोपवावी, असे नानांनी परस्पर ठरवून टाकले होते. मी ती मुद्दाम खिशात घालून नेली. परतल्यावर स्वयंपाकघराच्या छताला मोसंबीच्या साली चिकटलेल्या आढळल्या. नानांनी शिडीवर चढून त्या खरवडल्या, एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि जाताना ओट्याखाली नवी बाटली ठेवून गेले.

एकदा त्यांनी मला पर्यावरणस्नेही वस्तूंच्या प्रदर्शनाला ओढून नेले. ज्या काथ्याने आणि चुलीतल्या राखेने माझ्या आजीने हयातभर फुकटात भांडी घासली, तो काथ्या तेथे रेशमी फीत बांधून मखरातल्या गौरीसारखा बसवला होता, आणि बांबूचा दात घासण्याचा ब्रश पातळ प्लास्टिकच्या वेष्टनात गुंडाळलेला होता. या वेष्टनाबद्दल नाना विक्रेत्याचा जाबजबाब घेणार, या अपेक्षेने मी सरसावून उभा राहिलो. पण ते पलीकडे जुन्या साड्यांच्या गोधडीपाशी थांबले होते. गोधडीचा कोपरा उलटा करून त्यांनी अंगठ्याने धावदोऱ्याचे टाके चाचपले. "यंत्रावर मारलेत. हातचा टाका असा एकसारखा पडत नाही," ते म्हणाले; आणि थोड्या वेळाने, मला उद्देशून नव्हे, "आमच्याकडे नऊ होत्या. आता चारच राहिल्यात." परतीच्या वाटेवर त्यांनी एकदाही झाकणाची चौकशी केली नाही. मलाच चुकल्यासारखे वाटले.

नव्या बाटलीला महिना उलटल्यावर एके दिवशी लक्षात आले की, झाकण फिरवताना पूर्वीसारखा 'फुस्स' असा आवाज होत नाही. साखर सरत आली की वायूही सरतो. आणि पहिला महिनाभरच, हे तर नानांच्याच हुकमात नमूद होते. तरी चौऱ्याहत्तराव्या दिवशीही सात वाजून पाच मिनिटांनी सवाल आलाच. मी बाटलीला हात न लावता "उघडले" म्हणून सांगू लागलो.

परवा नाना आपली नोंदवही माझ्या टेबलावर विसरून गेले. परक्याचे दप्तर उघडू नये हे मला ठाऊक आहे, मी उघडले. अकरा घरे, तारीखवार रकाने, आणि शेवटचा रकाना 'शेरा'. एका घरापुढे होते, "मुलीची परीक्षा, आवाज थकलेला"; दुसऱ्यापुढे, "तिसरा दिवस, फोन उचलला नाही, समक्ष जाणे". वायूचा उल्लेख कोठेही नव्हता. माझ्या नावापुढे त्या ठसठशीत कारकुनी अक्षरात लिहिले होते, "उघडले (खोटे). खोकला कालच्यापेक्षा कमी."

वही मी मुकाट्याने त्यांच्या दाराच्या कडीला अडकवून आलो. बाटलीतले द्रावण गेल्या आठवड्यातच गाळून झाले; त्याने फरशी निघते, हे मला कबूल करावेच लागते. आज सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी घंटा वाजली.

"काय हो, झाकण उघडलंत का?"

"उघडले," मी म्हणालो, आणि शेऱ्याचा रकाना कोरा राहू नये म्हणून थोडासा खोकलो.