बोटीची केबिन कशी सजवावी: पुणेकरांसाठी सूचना

पुण्याला समुद्र नाही, ही बाब सजावटीच्या दृष्टीने गौण आहे. पुण्यातल्या ओट्याखालच्या कितीतरी ट्रॉल्या आधीच मरीन प्लायच्या आहेत. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात दुकानदार 'आयएस 710'चा शिक्का दाखवतो, हे प्लाय 72 तास उकळलं तरी सुटत नाही म्हणतो, आणि सिंकखाली ठिबकणाऱ्या पाण्याच्या धास्तीने आपण जहाजाच्या दर्जाचं लाकूड टेम्पोत घालून घरी आणतो. म्हणजे सामान जमलेलंच आहे, बोट तेवढी राहिली. ती घ्यावी.

पण केबिनचं माप घ्यायला टेप घेऊन संगमाजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या बोट क्लबात जाऊ नये. तो 1928 सालचा आहे, प्रतिष्ठित आहे, पण वल्हवायच्या होड्यांना केबिन नसते. खडकवासल्याच्या पाण्यावरही तेच. बघायचंच तर गोव्याकडे बघावं. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी नौदलासाठी 'म्हादेई' बांधली. 2009च्या ऑगस्टात दिलीप दोंदे तिच्यातून एकटे जगप्रदक्षिणेला निघाले आणि पुढच्या मे महिन्यात परतले. पुढे तिथेच बांधलेल्या 'तारिणी'तून वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी सप्टेंबर 2017 ते मे 2018 पृथ्वीला वळसा घालून आल्या. बोट जेमतेम 17 मीटर लांब, आत सहाजणी, आठ महिने. एवढ्या जागेत टू बीएचके बसतो असं सांगणारा बिल्डर भेटलाच, तर त्याचं मन मोडू नये.

आता दिशा. स्वयंपाकघर आग्नेयेला आणि देवघर ईशान्येला हवं, असा आग्रह घरातून होणारच. होकार द्यावा. बोट वळली की आग्नेयेचं स्वयंपाकघर नैर्ऋत्येला जातं, आणखी वळली की वायव्येला. दिवसभरात एकदा तरी ते योग्य जागी येतंच, आणि हे भाग्य सदाशिव पेठेतल्या कुठल्याही वास्तूला नाही. देवघरात पितळी घंटा चालेल, पितळ होकायंत्राच्या वाटेला जात नाही. लोखंडी तवा आणि म्युझिक सिस्टिमचे स्पीकर मात्र होकायंत्रापासून दूर ठेवावेत. नाहीतर सुई ओढली जाते, मालवणला निघालेली बोट भलतीकडेच लागते, आणि खापर वास्तुशास्त्रावर फुटतं.

ओटा ग्रॅनाइटचा हवा, याला पुण्यात पर्याय नाही. समुद्रात आहे. 20 मिलिमीटर जाडीच्या लादीचं वजन चौरस मीटरला 50 किलोच्या वर जातं. बोटीत वजन खाली आणि मध्यावर असावं लागतं, कमरेच्या उंचीवर एका बाजूला नव्हे. ग्रॅनाइट बसवलंच, तर बोट कायमची स्वयंपाकघराकडे कललेली राहील; काही कुटुंबांत हे नैसर्गिकही वाटेल. सिलिंडरबाबत मात्र थट्टा नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात दारं-खिडक्या उघडल्या की काम भागतं. बोटीत तो गळला तर तळाशी उतरून साठून राहतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. म्हणून सिलिंडर ओट्याखाली न ठेवता वर डेकवर, वेगळ्या खणात ठेवतात, आणि त्या खणाच्या तळाचं भोक थेट बोटीबाहेर काढतात. शेगडी आडव्या कण्यांवर झुलती टांगावी, म्हणजे बोट कलली तरी आमटी सपाट राहते. भांड्यांना चिमटे हवेत, ओट्याला चारी बाजूंनी बोटभर काठ हवा. आणि कुकर न्यावाच. झाकण घट्ट बसणारं, उलटलं तरी न सांडणारं भांडं आपल्याकडे घरोघरी आहे आणि आपण त्याच्या शिट्ट्या मोजत बसतो.

झोपायच्या जागेवरून भांडण होईल, कारण सगळ्यांना हायड्रॉलिकचा डबल बेड हवा असतो. बंदरात तो शोभतो. समुद्रात रुंद गादीवर माणूस रात्रभर या कडेहून त्या कडेला लोळतो. म्हणून फळी खांद्याएवढीच रुंद ठेवावी आणि मोकळ्या बाजूला जाड कापडाचा आड बांधावा. सप्टेंबर 2018 मध्ये हिंदी महासागराच्या दक्षिण भागात नाविक अभिलाष टॉमी यांच्या 'थुरिया' या बोटीची डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली, आणि फ्रेंच जहाज पोहोचेपर्यंत ते आपल्या बिछान्यावर पडून होते. हेडबोर्डला क्विल्टिंग असावं की सनमायका, हा प्रश्न त्यानंतर जरा बारीक वाटू लागतो.

पुण्याच्या सुताराला सर्वांत अवघड जाईल ते वेगळंच. त्याला सगळं झाकायची सवय. पाइप दिसला की पॅनेल, वायर दिसली की फॉल्स सीलिंग. बोटीच्या तळाला समुद्राचं पाणी आत-बाहेर करणारी भोकं असतात, प्रत्येकावर एक झडप असते, आणि त्यांतली एखादी रात्री दोन वाजता बंद करावी लागते. ती सुबक वॉर्डरोबच्या पाठीमागे गेली असेल, तर वॉर्डरोबसकट बुडायची तयारी ठेवावी. तेव्हा प्रत्येक फळी स्क्रूने निघणारी हवी, प्रत्येक दाराला कडी हवी (लोहचुंबकाची पकड पहिल्याच लाटेला सुटते), कोपरे गोल हवेत, आणि छताला हात धरायला दांडा हवा. शोकेस नको. पाहुणे येणार नाहीत. आलेच तर त्यांना उलटी होत असेल, त्यांचं लक्ष तुमच्या राजस्थानी उंटांकडे नसेल.

काम झालं की चाचणी. पुण्यात लाटा नाहीत, म्हणून केबिनचं कपाट, ओटा आणि बिछाना टेम्पोवर आवळून बांधावा, खणांत बरण्या भराव्यात, आणि टेम्पो कात्रज-कोंढवा रस्त्याने एकदा जाऊन-येऊन आणावा. सुताराला मागे सामानाजवळ बसवावं. परत आल्यावर काय पडलं ते त्याला विचारायची गरज नसते. त्याने कशाला धरलं होतं, ते विचारावं. तिथे अजून एक दांडा लागेल.