नखांची कुंडली

अमेरिकेत डॉक्टरांची अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, म्हणून न्यू जर्सीतल्या मराठी पॉटलकमध्ये आम्रखंड संपेपर्यंत सगळ्यांची नखं तपासून झालेली असतात. पांढरा ठिपका दिसला की निकाल ठरलेला: कॅल्शियम कमी! खरं तर ते नख बहुधा कुठेतरी आपटलेलं असतं. पण आपटण्यावर गोळी विकता येत नाही.

गोळी आहे ती बायोटिन या जीवनसत्त्वाची. मोठ्या माणसाला दिवसाला 30 मायक्रोग्रॅम पुरतं; ‘केस, त्वचा, नखं’वाल्या डब्यांतल्या एका गोळीत 5,000, नाहीतर थेट 10,000. नोव्हेंबर 2017 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने बजावलं, की बायोटिनमुळे रक्ताच्या काही चाचण्या चुकतात. हार्ट अ‍ॅटॅक ओळखणारं ट्रोपोनिनसुद्धा खोटंच कमी दिसू शकतं. म्हणजे नखही छान, रिपोर्टही छान, फक्त माणूस आयसीयूत.

नखाचा खरा अभ्यास करणाऱ्या आयोवाच्या डॉ. विल्यम बीन यांनी स्वतःच्या डाव्या अंगठ्याचं नख 35 वर्षं मोजलं. बत्तिसाव्या वर्षी रोज 0.123 मिलिमीटर वाढणारं ते सदुसष्टाव्या वर्षी 0.095 वर आलं. निष्कर्ष: वय झालं. (आमच्याकडे हे गुडघे फुकट सांगतात.)

नख अगदीच मुकं नाही. ते खोलगट झालं तर लोह कमी असू शकतं. बोटांची टोकं फुगली तर फुप्फुसं आणि हृदय तपासावं. एकाच नखात नवी काळी रेघ रुंदावत असेल तर कॅन्सरची शंका घ्यावी. नेमकं त्याच नखावर नेलपॉलिश असतं. ते पुसा, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि तपासणीसाठी रक्त देण्याआधी बायोटिन घेत असल्याचं सांगा.