मग काय?

आमच्या ऑफिसात माणसं घरी गेली की टेस्ट कामाला लागतात. अंधेरी एमआयडीसीतले दिवे मालवतात, शेवटचा टेस्टर बोरिवली लोकलला लटकतो आणि इकडे ब्राउझर आपला आपण उघडतो, लॉगिन करतो, बिल काढतो, पैसेही भरतो. ही भुताटकी म्हणजे सेलेनियम. २००४ साली शिकागोत जेसन हगिन्स नावाच्या माणसाने ते बनवलं, तेच बटण पुन:पुन्हा हाताने दाबत बसायला लागू नये म्हणून. आता बटणं यंत्र दाबतं, आणि ती का दाबली याचा शोध आम्ही घेत बसतो.

आमचं ॲप्लिकेशन हाउसिंग सोसायट्यांचं. मेंटेनन्स, थकबाकी, पार्किंग, सभेची नोटीस. सकाळी घाटकोपरला मेट्रोच्या रांगेत फोनवर रात्रीचा रिपोर्ट उघडावा, तर निम्मा लाल. पहिली टेस्ट सभासद नोंदवते, दुसरी त्याला फ्लॅट देते, तिसरी बिल पाठवते. पहिली आडवी पडली की उरलेल्या तिच्या अंगावर. यावर टीमचा ठरलेला उपाय : ‘रिरन मार, होईल ग्रीन.’ तेवढ्याने नाही झाली, तर कोणीतरी कोडमध्ये लिहून येतो, ‘पाच सेकंद थांब.’ बटण दिसेपर्यंत थांब असं सांगता येतं, पण ते सांगायला पाच सेकंदांहून जास्त वेळ लागतो.

फोल्डरांची नावं : ‘नवीन’, ‘नवीन_फायनल’, ‘तात्पुरतं’, ‘डिलीट_करू_नका’. लिहिणारे केव्हाच पुण्याला नाहीतर कॅनडाला गेले. आईच्या मुलुंडच्या घरातल्या माळ्यासारखंच हे. आत काय आहे ठाऊक नाही, पण काढायचं म्हटलं की ‘असू दे, लागेल.’

अशात डेमोला काका आले. मुलुंडच्याच एका सोसायटीचे सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, “हे ‘बिलपेज_टेस्ट_७’ काय तपासतं?”

मी म्हटलं, “बिलाचं पेज.”

“पेजाला काय करायचंय? एखाद्याच्या फ्लॅटमध्ये लग्न झालेली मुलगी राहते. तिला तुमच्या मशीनने नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावला, तर जनरल बॉडीत माझी पूजा बांधतील.”

काकांना नियम पाठ. भाडेकरू ठेवला तर २००१च्या सरकारी आदेशाप्रमाणे सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच नॉन-ऑक्युपन्सी घेता येतो, आणि विवाहित मुलगी राहत असेल तर तो लागत नाही. आमच्या त्या सगळ्या माळ्यात हे तपासणारी एकही टेस्ट नव्हती. ‘सेव्ह’ बटणाचा रंग तपासणाऱ्या मात्र पुष्कळ.

क्युकंबर नावाच्या साधनात टेस्ट मराठीतूनही लिहिता येते. वरती भाषा मराठी सांगितली की झालं. काकांसमोरच लिहायला बसलो :

जर फ्लॅटमध्ये सभासदाची विवाहित मुलगी राहत असेल
जेव्हा महिन्याचं बिल निघेल
मग त्यात नॉन-ऑक्युपन्सी नसावा

काकांनी वाचलं, खिशातलं लाल पेन काढलं आणि स्क्रीनवर लिहिता येत नाही म्हणून परत ठेवलं. त्यानंतर फोल्डर पेजांवरून न लावता सोसायटीच्या कामांवरून लावले : बिल, थकबाकी, फ्लॅट ट्रान्स्फर, सभा. बटणांचे पत्ते वेगळ्या फायलीत कोंडले, म्हणजे डिझायनरने बटण उजवीकडून डावीकडे नेलं तर एकाच जागी डोकं फोडून घ्यायचं. प्रत्येक टेस्टने आपला सभासद आपणच आणायचा, शेजारणीचा वापरायचा नाही. मोजक्या टेस्ट कोड बदलला की लगेच, बाकीच्या रात्री. नावं वाचता यायला लागल्यावर कितीतरी टेस्ट एकच गोष्ट तपासत होत्या हेही दिसलं. त्या काढल्या आणि कोणाचंही काही अडलं नाही. (माळ्याबद्दल आईशी बोलायची हिंमत अजून झालेली नाही.)

काका खूश झाले. जाता जाता दारात थांबले.

“आणि त्या मुलीने आतली खोली पेइंग गेस्टला दिली, तर?”

तेव्हापासून ती टेस्ट ‘मग’पाशी अडली आहे. वाचकांत कोणी सोसायटीचे सेक्रेटरी असतील तर कृपया कळवा. ‘जर’ आणि ‘जेव्हा’ लिहून तयार आहेत.